लाल झारी

मे महिना, दुपारचे अडीच, नागपूरच्या व्हरायटी चौकाचा सिग्नल. गाडी उभी, एसी चालू, आणि समोर लाल झारी लुकलुकली. डॅशबोर्डवरच्या इंजिन ऑइलच्या दिव्याचं चित्र झारीसारखंच असतं, तोटीतून एक थेंब टपकतोय असं. सिग्नल सुटला, गाडी सरकली, दिवा विझला. पुढच्या सिग्नलला परत हजर.

शेजारी म्हणाले, "ऑइल कमी झालं असन, लिटरभर टाकून द्या." फिटरचं निदान वेगळं. "सेन्सर गेला असन जी. छप्पन डिग्री विसरले काय?"

नागपुरात हा युक्तिवाद बिनतोड ठरतो. ३० मे २०२४ ला, ऐन नवतपात (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस), इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सरच बिघडला होता. तेव्हापासून कुठलाही दिवा लागला की आधी सेन्सरवर संशय. पण सेन्सर खोटं बोलतोय हे ठरवायला दुसरं मोजमाप लागतं, हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं.

आधी शेजाऱ्यांचा गैरसमज. ऑइल किती आहे हे या दिव्याला कळतच नाही, ते इंजिनात खोचलेल्या मापाच्या काडीवर बघायचं. दिव्यामागे एक साधा स्विच असतो, फिटर त्यालाच सेन्सर म्हणतो. ऑइलचा दाब साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला, गॅरेजात नुसतं 'किलो' म्हणतात) की तो दिवा लावतो. ऑइल फार कमी असेल तर दिवा बहुधा वळणावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर लागतो, कारण चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल एका अंगाला जातं आणि पंप हवा ओढतो. खड्ड्यात आदळल्यावरच लुकलुकत असेल तर वायर तपासावी. माझी काडी भरलेली होती आणि दिवा लागायचा फक्त तापलेलं इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना.

आता माझ्या आवडीचा भाग. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातूला धातू टेकत नाही. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. इतका भार तो थर पेलतो कसा? १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या धुऱ्यांना असतात तशा बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने ऑइल सोडण्यासाठी भोक पाडलं, तर ऑइल आत जायच्या ऐवजी वर येऊ लागलं. त्याने भोकात बूच मारलं. बूच उडालं! मग त्याने तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार ७ किलोच्या आसपास असताना काटा १४ च्याही पुढे सरकला. हा दाब कुठल्या पंपाने दिलेला नव्हता. फिरता दांडा ऑइलला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबतो, आणि त्या पाचरीत अडकलेलं ऑइल दांड्याला उचलून धरतं. ओल्या फरशीवर चप्पल सटकते तेव्हा पायाखाली पाण्याची अशीच पाचर असते. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं.

म्हणजे आपला पंप शाफ्ट उचलत नाही, फक्त पाचरीला ऑइल पुरवतो. शिवाय पंप देतो तो प्रवाह. दाब तयार होतो वाटेतल्या अडथळ्याने, नळीच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखा. इथे ते बोट म्हणजे बेअरिंगची फट, आणि तिच्यातून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०४ मिलिमीटरची ०.०५ झाली की १.२५ चा घन, गळती जवळपास दुप्पट. त्यात ५डब्ल्यू-३० सारखं ऑइल ४० अंशांवर असतं त्यापेक्षा १०० अंशांवर साधारण सहापट पातळ. त्यात आयडल, म्हणजे पंपाचा वेग सर्वांत कमी. तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या सिग्नलवर.

या टप्प्यावर कुणी बंपरला लिंबू-मिरची बांधतं, कुणी दाब वाढवणारी बाटली ओततं. मला बाटलीचा राग जास्त येतो. ऑइल घट्ट होतं, दिवा विझतो आणि फट आत तशीच रुंदावत राहते.

फिटरला सांगून स्विच काढला आणि त्या जागी काट्याचं गेज बसवलं. थंड इंजिन, आयडलवर ३ किलो. अर्धा तास गाडी तापवली, २००० आरपीएमला १.८. आयडलवर सोडल्यावर काटा हळूहळू उतरला आणि ०.४ वर थरथरत थांबला. सेन्सर खरं बोलत होता. फिटर गेजकडे बघत म्हणाला, "चेंबर खोलावं लागन."

१ लाख ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची बेअरिंगची चकती त्याने माझ्या हातावर ठेवली. अर्धचंद्रासारखी, करडी, आणि मधोमध रुपयाएवढ्या जागेत वरचा थर झिजून तांबूस रंग उघडा पडलेला. नख फिरवलं तर खळगा जाणवतसुद्धा नव्हता.

नव्या बेअरिंग बसल्या. तापलेल्या इंजिनात आयडलवर काटा १.३ वर आला. बिलात एक ओळ जास्त दिसली, नवा ऑइल सेन्सर. विचारलं तर म्हणाला, "राहू द्या जी, जुन्याचा भरोसा नाही."