‘पास आउट’ आणि ‘पास अवे’: कॉलेज, भोवळ आणि निधन

‘मी २०१९चा पासआउट’ म्हटलं की आपल्याकडे कॉलेज संपलं एवढंच कळतं. लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला मात्र ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, उपाशीपोटी, दारूनं. कधी नुसतं दमून सोफ्यावर आडवं होणंही. ‘ही पास्ड आउट फ्रॉम द हीट’ म्हणजे उन्हानं चक्कर येऊन पडला. यातला ‘फ्रॉम’ कारण सांगतो. गोची तिथंच होते. ‘आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज’ हे वाक्य त्याच्या कानाला ‘कॉलेजमुळे मला भोवळ आली’ असं लागतं. (काहींच्या बाबतीत तेही खरं असेल.)

म्हणून आपला अर्थ निव्वळ चूक, असंही नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला ‘पास आउट’च म्हणतात, खडकवासल्याला एनडीएत होते ती पासिंग आउट परेड याच अर्थाची. आपण तो अर्थ कॉलेजलाही लावतो. इथं सगळ्यांना समजतो, मग इथं बोलायला हरकत काय? परदेशी विद्यापीठाच्या अर्जात मात्र ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम...’ लिहा, आणि त्यातला ‘फ्रॉम’ गाळू नका. डिप्लोमा असेल तर ‘कम्प्लीटेड माय डिप्लोमा’. नुसतं ‘पास्ड द एक्झाम’ सगळीकडे चालतं. घोळ करतो तो ‘आउट’.

अमेरिकन शिक्षिका ‘पास आउट द पेपर्स’ म्हणाली तर कुणी बेशुद्ध पडायचं नाही, पेपर वाटायचे. पुढे कर्म आलं की अर्थ वाटण्याचा. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ चुकीचं.

‘पास अवे’चा अर्थ माणसाच्या बाबतीत एकच: वारणं. आपण ‘मेले’ न म्हणता ‘गेले’ म्हणतो, तसा हा मऊ शब्द. अपघातात किंवा युद्धात कुणी ठार झालं, तर बातमीत ‘वॉज किल्ड’ येतं. तिथं ‘पास्ड अवे’ विचित्र वाटतं. आपलं ‘एक्स्पायर्ड’ही बाहेर जपून वापरा. तिकडे ते बहुधा दुधाच्या बाटलीला किंवा पासपोर्टला लागतं.

खरा सापळा पुढेच आहे. अमेरिकेत ‘अवे’ बरेचदा गळून पडतो. ‘माय ग्रँडमदर पास्ड लास्ट वीक’ ऐकून आपल्या मनात आधी परीक्षा येते आणि तोंडातून ‘काँग्रॅट्स’ निघू शकतं. ओळखायचं कसं? वाक्यात परीक्षा, विषय किंवा कोर्स यांचा मागमूस नसेल, माणूस वयस्कर असेल आणि सांगणाऱ्याचा आवाज उतरलेला असेल, तर ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणा. ‘काका गेले’ यावर आपणही ‘कुठे?’ विचारायच्या आधी सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतोच की.