रुग्ण ‘आहेत’ किती आणि ‘झाले’ किती

मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या घरांत भरदुपारीही दिवा लागतो. तिथे क्षयरोगी जास्त आहेत आणि मोकळी जागा सोडून बांधलेल्या पीएमजीपी वसाहतीत कमी, असं २०१८ मध्ये समोर आलेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ या स्वयंसेवी संस्थेच्या पाहणीत दिसलं. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि उन्हात फार तग धरत नाहीत, त्यामुळे दोष बांधणीचाच आहे असं मलाही वाटतं. पण ते ठामपणे मांडायचं तर आधी कुठला आकडा मोजला ते पाहावं लागतं.

कोविडच्या काळात रोज दोन आकडे यायचे, ‘उपचाराधीन’ आणि ‘नवे रुग्ण’. क्षयाच्या आकड्यांतही फरक तोच आहे. घरोघरी जाऊन आज किती जण आजारी आहेत हे विचारलं की पहिला आकडा मिळतो. ठरावीक लोकांवर वर्षभर लक्ष ठेवून त्यांतले किती नव्याने आजारी पडले हे मोजलं की दुसरा.

समजा, हजार माणसांच्या वसाहतीत वर्षाला १२ जणांना टीबी होतो आणि प्रत्येक जण सहा महिन्यांत बरा होतो. कुठल्याही दिवशी साधारण ६ रुग्ण सापडतील. निदान उशिरा झालं, गोळ्या मध्येच सुटल्या आणि आजार वर्षभर रेंगाळला, तर १२ सापडतील. इमारत तीच, लागण तेवढीच, तरी आकडा दुप्पट! उलटही होतं. मुंबईत आजारी माणूस पुष्कळदा गावी निघून जातो. पाहणीच्या दिवशी त्याचं दार बंद असतं आणि वसाहत निरोगी दिसते.

म्हणून दवाखान्यात किती औषधं, किती कर्मचारी लागतील हे ठरवायला पहिला आकडा हवा. घराने माणसाला आजारी पाडलं का, हे मात्र दुसराच सांगेल. तोही घराचा ताबा मिळाल्याच्या तारखेपासून, गावी गेलेल्यांचा माग ठेवून मोजलेला. त्यातही एक अडचण आहे: क्षयाची लागण शरीरात अनेक वर्षं दबून राहू शकते. ताबा घेतल्यावर लगेच आढळलेला रुग्ण कदाचित जुन्या झोपडीतूनच लागण घेऊन आला असेल.

पुनर्वसनाची घरं सोडतीने मिळतात, कोणाला तळमजला तर कोणाला सातवा. एकाच इमारतीतल्या खालच्या आणि वरच्या मजल्यांवरचे नवे रुग्ण पाच-सात वर्षं मोजत गेलं, तर उजेडाचा हिशेब बराच स्वच्छ निघेल.