तिखटपणा बियांत नसतो

अतिजहाल मिरची उभी चिरून भिंगाखाली धरली, की आतल्या भिंतीवर पिवळसर, तेलकट फोड चमकताना दिसतात. त्यांत कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं रसायन, भरलेलं असतं. साध्या मिरचीत असे फोड फक्त बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यावर येतात. बिया स्वतः कॅप्सायसिन बनवत नाहीत, गाभ्याला खेटून असल्यामुळे त्या तिखट लागतात. अतिजहाल वाणांत मात्र फोड सालीच्या आतल्या बाजूवरही पसरतात, हे २०१५ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आलं. म्हणून तर हालापेन्यो ही साधी मेक्सिकन मिरची काही हजार स्कोव्हिल एककांवर (तिखटपणा मोजायचं हे एकक) थांबते आणि २०२३ साली गिनेस विक्रम करणारी पेपर एक्स ही अतिजहाल मिरची सरासरी २६ लाख ९३ हजारांवर जाते.

घरी लावणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: झाड किती जहाल निघणार हे बरंचसं वाणातच ठरलेलं असतं. तिखट वाढावं म्हणून रोपाला पाण्यावाचून सुकवत ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या ताणाने काही वाणांचा तिखटपणा वाढतो हे खरं, पण सगळ्यांचा नाही, आणि फळं मात्र नक्की कमी धरतात. मी तरी तो सौदा करणार नाही.

खरी कसोटी बी रुजवण्यात आहे. अतिजहाल मिरच्यांचे बहुतेक वाण कॅप्सिकम चायनेन्स या जातीचे. (नावात चीन असला तरी ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली.) मातीला २६ ते ३० अंश सेल्सिअस ऊब असली तरी बी रुजायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. बरेच जण दहाव्या दिवशीच कुंडी उकरून बघतात आणि नुकता फुटलेला कोंब मोडतात. माती ओलसर हवी, चिखल नको, नाहीतर कोवळं रोप बुडाशी कुजून कोलमडतं. पुढे नत्र बेताने द्यावं, नाहीतर झाड पानांनी माजतं आणि फुलं येत नाहीत. पारा ३५ अंशांपुढे गेला की फुलगळ होते. अशा वेळी औषधं फवारण्यापेक्षा दुपारची सावली उपयोगी पडते. पेरणीपासून पिकलेलं फळ हाती यायला पाच-सहा महिने सहज जातात.

फळं हाताळताना हातमोजे हवेतच. ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेने उघडणारा टीआरपीव्ही१ हा मज्जातंतूंवरचा ग्राही (संवेदना टिपणारं प्रथिन) कॅप्सायसिननेही उघडतो, त्यामुळे मेंदूला खरोखर भाजल्याचाच निरोप जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हा ग्राही शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून हात आधी तेलाने चोळावेत, मग साबणाने धुवावेत.

शेजारी ढोबळी मिरची लावली तर ती तिखट होईल, ही भीती मात्र सोडून द्या. साल आणि गाभा हे आईझाडाचेच भाग, परागकणांनी ते बदलत नाहीत. संकर होतो तो बियांत, आणि दिसतो पुढच्या पिढीत. बी धरायचं असेल तर कळी उमलण्याआधीच तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा, आणि फळ धरल्यावर देठाला दोरा बांधून खूण करा.