बेळगावातली भाड्याची घरं: माडीपासून इमारतीपर्यंत

बेळगावात भाडेकरू आधी राहत्या घरातच आला. वाड्याची मागची पडवी नाहीतर माडी, एक चूल, आड मात्र सामाईक. निव्वळ भाड्यासाठी घर बांधायला लोक कचरत, ते कायद्यामुळे. इथं आधी 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा होता. 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि पुढं 1961 चा तिथला कायदा आला. भाडं वाढवता येईना, भाडेकरू काढायचा तर कोर्टात कारण सिद्ध करा. रिकामी खोलीसुद्धा कंट्रोलरला, म्हणजे भाडेनियंत्रण अधिकाऱ्याला, कळवायची! अनेकांना त्यापेक्षा कुलूप बरं वाटलं.

नंतरचा 1999 चा कर्नाटक भाडे कायदा 31 डिसेंबर 2001 पासून लागू झाला. महिना 3500 रुपयांवरच्या भाड्याला तो लागतच नाही, त्यामुळे आजची नवी घरं करारावर चालतात. करार 11 महिन्यांचा असतो, कारण वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. मेडिकल कॉलेज 1963 चं, गोगटे इंजिनिअरिंग 1979 चं, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) 1998 चं. विद्यार्थी वाढले तशी दोन-दोन खोल्यांची घरं निघाली.

भाड्यासाठी घर बांधायचं तर खरी गोम जमिनीत आहे. शेतजमीन एनए (बिनशेती) करायची ती 1964 च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली. बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर, घेतलेला गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, स्वस्त पडतो खरा; पण एनए नाही, लेआउट (प्लॉटचा आराखडा) मंजूर नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही आणि बँकही दारात उभं करत नाही. पंचायत हद्दीत असाल तर व्यवहाराआधी फॉर्म 9 आणि 11 (पंचायतीचे मालमत्तेचे उतारे) बघून घ्या.

बांधकामात पहिला दगा काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया वरवर असला की भिंती तडकतात. काळी माती ओलांडून घट्ट थरापर्यंत खणा, कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई) घ्या, भराव मुरमाचा. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा वाचवू नका. दगड सच्छिद्र असतो, ओल आत येते आणि भाडेकरू दुसऱ्या पावसाळ्याआधी जातो.

हिशेब वर्षाला 11 महिन्यांच्या भाड्याचाच धरा, एखादा महिना घर रिकामं जाईल असं समजून. इन्कम टॅक्सला भरलेली घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर 30 टक्के सूट मिळते, मग दुरुस्तीची बिलं दाखवायला लागत नाहीत. वीजमीटर प्रत्येक घराला वेगळा, टाकीतून पाइपही वेगळा आणि त्यावर आपला व्हॉल्व्ह. नाहीतर एका घरची गळती काढायला चारही घरांचं पाणी बंद.