नागरी उष्णताद्वीप (इंदूर)

भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा शहरातील हवा, विशेषतः रात्री, उबदार राहण्याची स्थिती. इंग्रज हवामान-निरीक्षक ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८–२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या नोंदींत शहरातील रात्री सरासरी सुमारे २.१° से.ने उबदार, तर दिवस किंचित थंड आढळले. पुढील लेखनात बहुधा रात्रीचाच आकडा येतो. इंदूरच्या बाबतीत दिवसाचाही तितकाच विचार करावा लागतो.

सुमारे ५५० मी. उंचीवरील माळव्याची ख्याती गार रात्रींची. रब्बी पिके निघाली की काळ्या मातीची शेते उघडी पडतात. कोरडी माती उष्णता खोलवर जाऊ देत नाही. तिचा पृष्ठभाग दुपारी झपाट्याने तापतो आणि सूर्यास्तानंतर तितक्याच वेगाने निवतो. जुन्या शहरातील राजवाडा–सराफा भागात विटा, काँक्रीट व डांबर दिवसभर उष्णता साठवतात. अरुंद बोळातून आकाश थोडेच दिसत असल्याने एका भिंतीचे उत्सर्जन समोरच्या भिंतीतच मुरते. हवामानशास्त्रज्ञ टी. आर. ओक यांच्या १९८१ च्या सूत्रानुसार, इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीइतकी असल्यास निरभ्र, वारा नसलेल्या रात्री शहर व ग्रामीण भाग यांतील कमाल फरक सुमारे ७.५°, निम्मी असल्यास ४.८° से. येतो. हे सूत्र समशीतोष्ण प्रदेशांतील शहरांवर बेतलेले आहे. उष्ण कटिबंधात फरक सहसा कमी भरतो, म्हणून ते इंदूरला जसेच्या तसे लावू नये.

मे महिन्यात दिवसा शहर ‘शीतद्वीप’, म्हणजे भोवतालापेक्षा गार, असते, या मताचा आधार मुख्यतः उपग्रहचित्रे. लँडसॅट सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि जमीन, छपरे यांचे पृष्ठतापमान टिपतो, हवेचे नव्हे. त्या वेळी नांगरलेले शेत पत्र्याखेरीज बहुतेक छपरांना तापण्यात मागे टाकू शकते. रहिवाशांना जाणवणाऱ्या उष्म्यासाठी रात्रीची हवामापनेच अधिक ग्राह्य वाटतात.

मापनासाठी सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी, वारा पडलेला असताना, आच्छादित तापमापक वाहनावर सुमारे दीड मीटर उंचीवर बसवून शहराच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत नेतात. शेवटी आरंभबिंदूवर परत येऊन तेवढ्या वेळात हवा किती निवली ते मोजतात व त्याप्रमाणे प्रत्येक नोंद दुरुस्त करतात. ही दुरुस्ती राहिली तर शेवटी मोजलेला भाग विनाकारण थंड ठरतो. कान्ह नदीच्या सखल पात्रात गार हवा साचते. तिथली एकच नोंद ‘शहराची’ मानणे चूक.

पर्जन्यावरील परिणाम याहून विवाद्य. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९७१–७५ च्या पाहणीत वारा शहरावरून जिकडे वाहत जातो त्या बाजूस उन्हाळी पाऊस वाढलेला आढळला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत ती बाजू इंदूरला देवासकडची. मात्र गडगडाटी पाऊस दोन-चार कि.मी.त बदलत असल्याने तुरळक पर्जन्यमापकांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही.