विशेष गृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडताना अनुरक्षण सेवा कशी मिळवायची? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेला) मुलगा किंवा मुलगी विशेष गृहातून (अशा मुलांना बाल न्याय मंडळाच्या आदेशाने ठेवतात ती संस्था), 'सुरक्षित ठिकाण' या नावाच्या संस्थेतून वा अन्य बाल संगोपन संस्थेतून बाहेर पडते, तेव्हा राहायचं कुठे आणि खायचं काय, हे प्रश्न त्याच दिवशी उभे राहतात. त्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये आर्थिक मदतीची आणि त्याखालच्या नियमांत इतर मदतीची तरतूद आहे. तिला अनुरक्षण सेवा म्हणतात. अनेक मुलांपर्यंत ती पोहोचत नाही, कारण तिची कागदपत्रं संस्थेत असतानाच तयार व्हायला हवीत, हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पात्र कोण?

वय १८ पूर्ण, २१ पूर्ण नाही, आणि संस्थेतला मुक्काम संपलेला किंवा संपत आलेला. अपवादात्मक परिस्थितीत मुदत आणखी दोन वर्षं, म्हणजे २३ व्या वर्षापर्यंत वाढवता येते. शिक्षण किंवा प्रशिक्षण अर्धवट असेल, तर ही वाढ लेखी मागावी. जो मुलगा संस्थेत न राहता घरीच परिविक्षेवर (अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली) होता, त्याला ही योजना लागू होत नाही. त्याने परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत समुपदेशन आणि कौशल्य प्रशिक्षणाची मागणी करावी.

अर्ज कुठून सुरू होतो?

खिडकीवर फॉर्म भरून देण्याची ही योजना नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा समाजसेवक यांनी मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी मुक्ततेनंतरचा आराखडा तयार करून बाल न्याय मंडळाला (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या बाबतीत बाल कल्याण समितीला) सादर करायचा असतो. अनुरक्षणाची शिफारस याच आराखड्यात येते. म्हणून पालकांनी भेटीच्या दिवशी सरळ विचारावं: "आराखडा मंडळाकडे गेला का? त्यात अनुरक्षणाची शिफारस आहे का?" शक्य असेल तर हेच संस्थेच्या अधीक्षकांना लेखी देऊन पोच घ्यावी.

मुलगा आधीच बाहेर पडला असेल, तरी २१ च्या आत असल्यास हात टेकू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात साध्या कागदावर अर्ज द्या, प्रत मंडळाला द्या. कोणत्या संस्थेत, कधीपासून कधीपर्यंत राहिलो आणि आता नेमकी कसली गरज आहे, एवढं त्यात पुरे. गुन्ह्याची हकिकत लिहायची गरज नाही.

कागदपत्रे

मंडळाच्या आदेशाची प्रत, संस्थेतून मुक्ततेचं पत्र, संस्थेत मुलासाठी तयार केलेला वैयक्तिक काळजी आराखडा, वयाचा पुरावा, आधार, शाळेचा किंवा प्रशिक्षणाचा दाखला, फोटो आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक साधारणपणे लागतं. घोडं अडतं ते पासबुकापाशी. पैसे थेट त्या तरुणाच्या खात्यात जमा होतात, आईच्या किंवा मामाच्या खात्यात नाही. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर भलत्याच कुणाचा, अशा वेळी ओटीपी त्या माणसाकडे जातो आणि खातं आधारशी जोडणं अडून राहतं. मुलगा संस्थेत असतानाच ही दुरुस्ती करून घ्या. बाहेर आल्यावर पत्त्याचा पुरावा शोधत बसावं लागतं, आणि ज्याला घरच नाही त्याने तो आणायचा कुठून?

काय मिळतं?

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दरमहा ४,००० रुपये. शिवाय सहा ते आठ जणांच्या गटाची तात्पुरती निवास व्यवस्था, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, व्यवसायासाठी कर्जाला मदत आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, हे सगळं नियमांत आहे. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट समुपदेशकच. महिन्याचे पैसे संपतात. पण कामावरून काढलं, जुनी संगत पुन्हा दारात आली, अशा वेळी फोन उचलणारं एक माणूस लागतं. त्याचं नाव आणि नंबर बाहेर पडण्याआधीच मागून घ्या. शिक्षण, वैद्यकीय मदत, प्रशिक्षण यांत हातभार लावू इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. ज्यांना असा आधार द्यायचा आहे, त्यांनीही तिथेच नाव नोंदवण्यासाठी विचारावं.

नोकरीच्या वेळी

कलम २४ प्रमाणे बालपणीच्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद एकच: १६ वर्षांवरच्या ज्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवला, त्याला हे संरक्षण नाही. निकाली निघालेल्या प्रकरणात चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नसते, असं कलम ७४ सांगतं. तरीही प्रमाणपत्रावर जुनी केस लिहून आली, तर ती घेऊन मुकाट्याने घरी जाऊ नका. मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि वकिलाची गरज पडल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करा.