तुकडा एकच, आजार दोन

प्राडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलाच्या घरात फ्रिजला आणि फडताळाला कुलूप असलं तर नवल नाही. पोट भरल्याची जाणीवच या मुलांना नीट होत नाही. मग फ्रीझरमधलं गोठलेलं अन्न म्हणू नका, कचऱ्याच्या डब्यातलं उष्टं म्हणू नका, हाताला लागेल ते तोंडात जातं. हेच मूल तान्हं असताना त्याला अंगावर पिताही येत नव्हतं, हे बघणाऱ्याला खरं वाटत नाही. स्नायू इतके लुळे असतात की दूध ओढण्याची ताकद नसते, कित्येकदा नळीने पाजावं लागतं. खा-खा सुटते ती पुढे, काही वर्षांनी.

अँजलमन सिंड्रोमचं मूल अगदीच वेगळं. उठसूट हसणारं, हात फडफडवणारं, पाणी दिसलं की हरखणारं. पण चालताना त्याचा तोल जातो, फिट्स येतात आणि बोलणं दोन-चार शब्दांपुढे सहसा सरकत नाही.

पहिल्या आजाराचं वर्णन १९५६ साली झ्युरिकच्या डॉक्टरांनी केलं, दुसऱ्याचं १९६५ मध्ये हॅरी अँजलमन या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञाने. दोहोंचा काही संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे १९८१ मध्ये प्राडर-विलीच्या मुलांत १५व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आढळला. १९८७ मध्ये अँजलमनच्या मुलांतही गळालेला दिसला, तो तिथलाच! साधारण ५० ते ६० लाख डीएनए-अक्षरांचा मजकूर, दोन्हीकडे तोच. मग आजार दोन कसे?

उत्तर होतं ते गुणसूत्र कुणाकडून आलं यात. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत आईची, एक वडिलांची. बहुतेक जनुकं दोन्ही प्रतींवरून काम करतात. या भागातल्या काही जनुकांवर मात्र बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होतानाच रासायनिक खुणा बसतात आणि एका बाजूची प्रत गप्प होते. काही जनुकं फक्त वडिलांच्या प्रतीवर चालतात. ती गेली की प्राडर-विली. यूबीई३ए हे जनुक मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईच्या प्रतीवर चालतं. ते गेलं की अँजलमन. अशा मुलाकडे वडिलांचं यूबीई३ए धडधाकट असतं, पण झोपलेलं. ते जागं करणाऱ्या औषधांच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आहेत. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत आशेची गोष्ट हीच वाटते.

‘आईकडून’ म्हटलं की आपल्याकडे सुनेकडे बोट दाखवायला वेळ लागत नाही. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, हेही निघतं. यात काडीचं तथ्य नाही. तुकडा गळतो तो बहुधा निव्वळ योगायोगाने, आणि आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रं सहसा ठीक असतात. अशा वेळी पुढच्या बाळाला धोका एक टक्क्याहूनही कमी.

साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याच्या तपासणीत, एवढा लहान तुकडा निसटू शकतो, म्हणून तो रिपोर्ट नॉर्मल आला तरी शंका असेल तर त्या रासायनिक खुणा तपासणारी मेथिलेशन चाचणी करावी. पण ती कारण सांगत नाही. सुमारे ३० टक्के मुलांत तुकडा गळालेलाच नसतो. काहींमध्ये दोन्ही प्रती एकाच पालकाच्या असतात. मोजक्या घरांत खुणा बसवणारी यंत्रणाच बिघडलेली असते, आणि हा दोष पालकाकडून आला असेल तर पुढच्या मुलाला धोका ५० टक्क्यांपर्यंत जातो. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी नेमकं कारण शोधून घ्यावं.